हैतीच्या डोंगरातील कुटुंबे आणि छायाचित्रांचा पुरावा

(१)

कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटाच्या पश्चिम भागात वसलेल्या हैतीच्या प्रजासत्ताकाचे क्षेत्रफळ सुमारे २७,७५० चौरस किलोमीटर आहे व त्याचा फार मोठा भाग डोंगरांनी व्यापलेला आहे. ‘डोंगरांपलीकडे डोंगरच’ ही क्रेओल भाषेतील म्हण या भूमीच्या रचनेचे जसे वर्णन करते, तसेच तेथील माणसांच्या अनुभवाचेही करते. एक चढ संपला की दुसरा पुढे उभा राहतो, हा तेथील शेतकऱ्याच्या चालण्याचा आणि जगण्याचा नित्याचा प्रत्यय आहे.

या डोंगरांत राहणाऱ्या शेतकरी कुटुंबांच्या दैनंदिन जीवनाची छायाचित्रे विसाव्या शतकात विपुल प्रमाणात काढली गेली. ती काढणारे लोक नाना प्रकारचे होते. त्यांत परकी सैनिक होते, धर्मोपदेशक होते, मानवशास्त्रज्ञ होते, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी होते आणि मदतसंस्थांचे कार्यकर्तेही होते. याउलट या कुटुंबांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेली साधने अत्यल्प आहेत. राज्यकारभाराची भाषा फ्रेंच आणि बहुसंख्य प्रजेची भाषा क्रेओल अशी तेथील स्थिती दीर्घकाळ होती. क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा १९८७ च्या राज्यघटनेने दिला. अशा समाजाच्या इतिहासलेखनात छायाचित्राला साहजिकच अधिक वजन प्राप्त होते. जेथे दप्तर मुके आहे तेथे चित्र तरी बोलेल, अशी अभ्यासकाची अपेक्षा असते.

ही अपेक्षा कितपत सार्थ आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. छायाचित्र हा जीवनाचा पुरावा आहे यात शंका नाही. परंतु त्याचबरोबर तो छायाचित्र घेणारा आणि देणारा यांच्यातील संबंधाचाही पुरावा असतो, आणि या दुसऱ्या गोष्टीचा उलगडा झाल्यावाचून पहिली गोष्ट नीट वाचता येत नाही. हैतीच्या डोंगरातील छायाचित्रांचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास हे सूत्र विशेष स्पष्टपणे दाखवितो.

(२)

छायाचित्रात दिसणारे डोंगरी घर कोठून आले, हे प्रथम पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस साँ-दोमँग या नावाने ओळखली जाणारी ही फ्रेंच वसाहत साखर आणि कॉफी यांच्या उत्पादनात जगात अग्रेसर होती. सपाट प्रदेशात ऊस आणि डोंगर-उतारांवर कॉफी अशी तिची विभागणी होती, आणि दोन्ही ठिकाणचे श्रम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांची संख्या १७८९ च्या सुमारास पाच लाखांच्या घरात गेली होती. गुलामांच्या पोटाला अन्न पुरविण्याचा खर्च वाचावा म्हणून मळेवाले त्यांना जमिनीचे लहान तुकडे लावून देत. त्या तुकड्यांवर पिकविलेले धान्य व कंद रविवारच्या बाजारात विकले जात. पुढील काळातील स्वतंत्र शेतकऱ्याची शेती आणि त्याच्या स्त्रीचा बाजार या दोहोंचे बीज या व्यवस्थेत आहे.

१७९१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या उठावाची परिणती १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्यात झाली. नव्या राज्यकर्त्यांना मात्र मळ्यांची पद्धत चालू राहावयास हवी होती, कारण राज्याचे उत्पन्न निर्यातीवर अवलंबून होते. मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा मळ्यात राबणे मान्य नव्हते. दक्षिणेत पेत्यों याने १८०९ पासून सैनिकांना जमिनी वाटल्या. ज्यांना जमीन मिळाली नाही ते डोंगरात शिरून मोकळी जागा साफ करू लागले. राष्ट्राध्यक्ष ब्वाये याने १८२६ साली ग्रामीण संहिता जारी करून शेतकऱ्याला मळ्याशी जखडून ठेवण्याचा प्रयत्न केला, पण तो डोंगरात फारसा चालला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सने स्वातंत्र्याच्या मान्यतेची किंमत म्हणून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई लादली होती (१८३८ मध्ये ती नऊ कोटींवर आणण्यात आली). तिचा भार अखेरीस कॉफीवरील निर्यातकराच्या रूपाने डोंगरातील या कुटुंबांवरच पडला.

अशा रीतीने बनलेल्या वस्तीचे केंद्र म्हणजे ‘लाकू’. एका अंगणाभोवती वडील माणसाचे आणि त्याच्या मुलामुलींचे असे काही घरांचे पुंजके, पूर्वजांच्या समाध्या, फळझाडे आणि एखादा पवित्र मानलेला वृक्ष, असे त्याचे रूप असे. घरे कुडाच्या भिंतींची, मातीने लिंपलेली, गवताने किंवा झावळ्यांनी शाकारलेली. पुढे लहानशी पडवी. स्वयंपाकाची खोपटी निराळी व तिच्यात तीन दगडांची चूल. शेतीची हत्यारे म्हणजे कुदळ आणि कोयता. नांगर जवळजवळ नाहीच. मका, ज्वारी, घेवडा, रताळी, केळी आणि कंद ही खाण्याची पिके. कॉफी हे रोकड पीक. मोठे काम निघाले की शेजारी एकत्र जमून ढोलाच्या तालावर गात ते उरकीत व यजमान त्यांना जेवू घाली. या प्रथेला ‘कोनबिट’ म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तीत आपल्या इर्जिकेची खूण पटेल. फरक इतकाच की इर्जिकेत बैल आणि नांगर एकत्र येतात, तर कोनबिटमध्ये केवळ माणसांचे हात.

शहरातील सुशिक्षित वर्गाने या लोकांना ‘मून आंदेयो’, म्हणजे ‘बाहेरचे लोक’, असे नाव दिले होते. देशाचा पोशिंदा देशाबाहेरचा मानला जाणे ही हैतीच्या इतिहासातील मोठी विसंगती होय. डोंगराकडे वळलेल्या पहिल्या कॅमेऱ्यांना हेच ‘बाहेरचे लोक’ दिसले.

(३)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे नौसैनिक २८ जुलै १९१५ रोजी हैतीत उतरले आणि १९३४ पर्यंत तेथे राहिले. या एकोणीस वर्षांत डोंगरी जीवनाची जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांचा हेतू बहुधा प्रशासकीय होता. नवे रस्ते, पूल, रुग्णालये, शिस्तीत उभे केलेले देशी शिपाई आणि त्यांच्या शेजारी जुन्या झोपड्या, अशी मांडणी करून ‘पूर्वी’ आणि ‘आता’ यांतील भेद दाखविणे हा तिचा गाभा होता. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या डिसेंबर १९२० च्या अंकात हैतीच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय अमेरिकेला देणारा सचित्र लेख आला. त्याच वर्षी जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी ‘द नेशन’ या साप्ताहिकात त्याच राजवटीवर कठोर टीका करणारी लेखमाला लिहिली. एकाच वर्षाच्या या दोन लिखाणांतील अंतर लक्षात घेता, रस्त्याच्या छायाचित्रात रस्ता कोणी बांधला हे दिसत नाही, ही साधी गोष्ट किती महत्त्वाची आहे ते कळते.

रस्ते बांधण्यासाठी १८६४ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन वेठबिगार सुरू करण्यात आली होती. डोंगरातील पुरुषांना घरातून नेऊन, प्रसंगी दोराने बांधून, दूरच्या कामावर राबविले जाई. ज्या देशाचा जन्मच गुलामगिरीच्या नाशातून झाला, त्या देशात याचा अर्थ काय झाला असेल हे सांगण्याची गरज नाही. १९१८ मध्ये उसळलेल्या ‘काको’ बंडाचे ते एक प्रमुख कारण ठरले. बंडाचा पुढारी शार्लमान्य पेराल्त हा मध्य पठारावरील एन्श गावचा. १९१९ च्या ऑक्टोबर अखेरीस, ३१ तारखेच्या रात्री, वेषांतर करून छावणीत शिरलेल्या अमेरिकी अधिकाऱ्याने त्याला ठार केले.

त्यानंतर घडलेली घटना हैतीतील छायाचित्रणाच्या इतिहासात निर्णायक आहे. पेराल्तचे प्रेत एका दारावर उभे बांधून त्याचे छायाचित्र घेण्यात आले आणि पुढारी मेला आहे अशी डोंगरी लोकांची खात्री पटावी म्हणून त्याच्या प्रती वाटण्यात आल्या. छायाचित्र घेणाऱ्यांना जे दाखवायचे होते ते चित्रात होतेच. पण पाहणाऱ्यांनी त्यात निराळेच काही पाहिले. कमरेला वस्त्र, बांधलेला देह, डोक्याशेजारी ध्वज, हे दृश्य ख्रिस्ताच्या क्रुसारोहणासारखे दिसले. भय निर्माण करण्यासाठी काढलेले चित्र पूज्य प्रतिमा बनले. पुढे काप-हैतियन येथील चित्रकार फिलोमे ओबँ यांनी या छायाचित्रावरून पेराल्तचे क्रुसारोहण रंगविले.

या प्रसंगातून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, डोंगरातील सामान्य माणसाच्या हाती छापील छायाचित्र आले ते शासनाचे साधन म्हणूनही आले. कॅमेऱ्याविषयीच्या त्याच्या सावधपणाचे मूळ केवळ ‘अंधश्रद्धे’त शोधणे म्हणूनच अपुरे होय. दुसरी, तो केवळ चित्राचा विषय नव्हता. तो चित्राचा वाचकही होता, आणि त्याचे वाचन चित्रकर्त्याच्या हुकमतीत नव्हते.

(४)

परकी सत्ता संपत असतानाच एका निराळ्या प्रकारचे निरीक्षक डोंगरात येऊ लागले होते. मेल्व्हिल हर्स्कोवित्स आणि त्यांच्या पत्नी फ्रान्सिस यांनी १९३४ च्या उन्हाळ्यात सुमारे तीन महिने मीरबाले येथे मुक्काम केला. अखेरच्या अमेरिकी तुकड्या परतल्या त्या याच उन्हाळ्यात. या अभ्यासाचे फळ म्हणजे ‘हैतीच्या एका खोऱ्यातील जीवन’ या आशयाचे त्यांचे १९३७ चे पुस्तक.

या पुस्तकाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १९२९ साली विल्यम सीब्रुक यांचे ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. लेखकाने स्वतः काढलेली छायाचित्रे आणि दुसऱ्या चित्रकाराची भयसूचक रेखाटने त्यात शेजारी शेजारी होती, आणि हैती म्हणजे चेटूक व चालती प्रेते अशी पाश्चात्य वाचकाची समजूत दृढ करण्यास ते कारणीभूत झाले. दुसरीकडे हैतीतील विद्वान झाँ प्राइस-मार्स यांनी १९२८ मध्येच आपल्या ग्रंथातून शेतकऱ्यांच्या कथा, श्रद्धा आणि कुटुंबरीती हा राष्ट्राचा खरा वारसा आहे असे प्रतिपादन करून शहरी वर्गाच्या परानुकरणावर प्रहार केला होता. हर्स्कोवित्स यांचे काम या दुसऱ्या प्रवाहाशी जुळणारे आहे. बाजार, कोनबिट, मुलांचे संगोपन, कायदेशीर विवाहाविना परंतु समाजमान्य असे ‘प्लासाज’ पद्धतीचे सहजीवन, मृतांची कृत्ये, अशा क्रमाने त्यांनी सामान्य दिवसाचे वर्णन केले. अद्भुताकडून नित्याकडे दृष्टी वळविणे, हे त्या वर्णनाचे व त्यासोबत घेतलेल्या छायाचित्रांचे आणि चलचित्रांचे महत्त्व होय.

तथापि याही छायाचित्रांची मर्यादा स्पष्ट आहे. हर्स्कोवित्स यांचा मुख्य प्रश्न आफ्रिकेतून आलेल्या संस्कारांपैकी अमेरिका खंडात काय टिकले, हा होता. त्यामुळे ज्या हालचालींत आफ्रिकेची आठवण दिसते, म्हणजे डोक्यावरचे ओझे, उखळात एकाच वेळी पडणारी दोन मुसळे, एका रांगेत पडणाऱ्या कुदळी, त्यांच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. सावकाराकडे बसलेला शेतकरी, जमिनीची कागदपत्रे दाखविणारा मोजणीदार किंवा कॉफी तोलणारा मध्यस्थ हे विषय तितक्या सहजपणे त्या प्रश्नाच्या कक्षेत येत नाहीत. प्रश्न निराळा असता तर चित्रेही निराळी झाली असती.

(५)

हा निराळा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. युनेस्कोने हैती सरकारच्या सहकार्याने जाकमेल शहराच्या वरच्या अंगास असलेल्या मार्बियालच्या खोऱ्यात मूलभूत शिक्षणाचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. त्याला आधार म्हणून आल्फ्रेद मेत्रो या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मानवशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९४८ पासून खोऱ्याची सामाजिक पाहणी झाली. तीत हैतीतील तरुण अभ्यासकांचाही सहभाग होता. कवी व कादंबरीकार झाक रुमँ यांनी १९४१ साली स्थापन केलेल्या मानववंशशास्त्र संस्थेमुळे असा अभ्यासकवर्ग तयार होऊ लागला होता. पाहणीचा एक भाग १९५१ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता मार्बियालचे लोक पोट कसे भरतात.

गोसलिन नदीच्या या खोऱ्यात उतारांवरची झाडी तुटली होती, माती पावसाबरोबर वाहून जात होती आणि वारशाच्या समान वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान होत होते. फ्रेंच कायद्याच्या परंपरेतून आलेले समान वाटपाचे तत्त्व न्यायाचे खरे. पण नवी जमीन उरली नाही तेव्हा तेच कुटुंबाच्या दैन्याचे एक कारण बनले. लाकूचे जुने एकत्रित स्वरूपही याच क्रमात विस्कटत गेले. मेत्रो यांच्या पाहणीत हे खोरे प्राचीन संस्कृतीचे संग्रहालय म्हणून येत नाही. माणसे आणि माती यांच्यातील बिघडलेल्या हिशेबाचे ठिकाण म्हणून येते.

१९४८ मध्येच मेत्रो यांचे स्नेही, फ्रेंच छायाचित्रकार प्येर व्हेर्जे हे हैतीत आले. दोघांचा जन्म १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात अवघ्या एका दिवसाच्या अंतराने झाला होता, आणि त्यांचा पत्रव्यवहार मेत्रो यांच्या १९६३ मधील मृत्यूपर्यंत चालू राहिला. व्हेर्जे ‘रोलायफ्लेक्स’ कॅमेरा वापरीत. हा कॅमेरा छातीशी धरून वरून काचेत पाहावयाचा असतो. छायाचित्रकाराचा चेहरा यंत्रामागे लपत नाही. मान किंचित खाली झुकते आणि समोरच्या माणसाशी बोलणे चालू राहू शकते. चित्रणाची उंचीही डोळ्यांची नसून छातीची असल्यामुळे उभा माणूस किंचित खालून, म्हणून भारदस्त, दिसतो. यंत्राच्या रचनेचा हा परिणाम व्हेर्जे यांच्या वृत्तीशी जुळला. मेत्रो यांच्या १९५७ च्या हैतीविषयक पुस्तकात दोघांचीही छायाचित्रे आहेत. १९५८ च्या ‘ल व्होदू आयिस्यँ’ या मेत्रो यांच्या ग्रंथातही व्हेर्जे यांची छायाचित्रे आहेत.

या काळातही छायाचित्र घेणे म्हणजे निव्वळ यंत्राचा प्रश्न नव्हता. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने शासनाच्या पाठिंब्याने ‘अंधश्रद्धाविरोधी मोहीम’ चालविली होती. देवळे मोडण्यात आली, ढोल आणि पूजेची भांडी जाळण्यात आली, लोकांकडून शपथा घेण्यात आल्या. तिला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती. अशा वेळी घराच्या आतील कोनाड्याकडे कॅमेरा वळला तर घरधन्याने दार लोटून घेणे यात नवल नाही. डोंगराच्या प्रत्येक विभागावर ‘शेफ द सेक्सियों’ नावाचा ग्रामीण पोलिस अधिकारी असे, आणि बाहेरच्या माणसाचे येणे-जाणे त्याच्या नजरेखाली चाले. तेव्हा एखाद्या चित्रात कुटुंब पडवीत ओळीने, हात सरळ सोडून उभे दिसते, त्याचा अर्थ ‘शेतकरी लाजाळू होता’ एवढाच घेणे बरोबर नाही. परवानगी कोणाकडून मिळाली होती, हाही त्या उभे राहण्यातला अर्थ असतो.

(६)

छायाचित्रांत जे येत नाही त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. त्यातील काही अनुपस्थिती केवळ तांत्रिक आहे. पूर्वीच्या फिल्मची संवेदनशीलता कमी असे. डोंगरी घरांना खिडक्या लहान, आणि दिवा असलाच तर रॉकेलचा. यामुळे घराच्या आतील जीवन, रात्रीचे जेवण, आजारपण, बाळंतपण आणि मुलांच्या गोष्टी ऐकण्याची वेळ ही सर्व जुन्या संग्रहांतून जवळजवळ गळाली आहेत. दुपारच्या प्रखर उन्हात पांढऱ्या मातीच्या अंगणाला अनुसरून प्रकाशाचे माप घेतले, तर काळ्या वर्णाच्या चेहऱ्यांचे बारकावे अंधारात जातात. अशी छायाचित्रे पाहून ‘भावशून्य चेहरे’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो दोष मापाचा, माणसांचा नव्हे. ऋतूंचीही हीच गोष्ट. पावसात पायवाटा निसरड्या होतात व ओढे अडतात, तेव्हा पाहुणे येत नाहीत. पण पेरणी आणि पिकांपूर्वीची टंचाई याच दिवसांत असते. कोरड्या दिवसांतील चित्रांवरून वर्षाचे वर्णन करणे धोक्याचे आहे.

दुसरी अनुपस्थिती अधिक खोल आहे. काही संबंध दृश्य नसतातच. सिडनी मिंट्झ यांनी १९५८-५९ मध्ये हैतीतील बाजारांचा अभ्यास करून ‘प्रातिक’ या संबंधाचे विवेचन केले. विकणारी स्त्री आणि तिची ठरावीक गिऱ्हाईक यांच्यात सवलत, उधारी आणि निष्ठा यांची दीर्घ देवघेव असते. मंदीच्या दिवसांत एकमेकींना सांभाळून घेणे हा तिचा हेतू. डोंगरवाटेने डोक्यावर टोपली घेऊन जाणाऱ्या स्त्रियांची रांग हे हैतीचे सर्वांत अधिक वेळा छायाचित्रित झालेले दृश्य असावे. त्यात चाल दिसते, तोल दिसतो, भार दिसतो. ती स्त्री कुटुंबाच्या पिकाची विक्री सांभाळणारी आहे, घाऊक माल फिरविणारी ‘मादान सारा’ असेल तर तिच्या हिशेबावर अनेक घरे अवलंबून आहेत, हे मात्र दिसत नाही. परिणामी व्यवहारातील कर्ती स्त्री चित्रात ओझेवाहू होते.

या मर्यादेची जाणीव एका चित्रपटकर्तीला विशेष तीव्रतेने झाली. माया डेरेन १९४७ मध्ये हैतीत गेल्या त्या नृत्यावर आधारलेल्या एका कलात्मक चित्रपटाची योजना घेऊन. विधींमधील नृत्य त्या धर्मापासून तोडून केवळ आकृती म्हणून वापरता येणार नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी मूळ योजना सोडली आणि १९५३ मध्ये एक ग्रंथ लिहिला. चित्रित केलेली फिल्म त्यांच्या हयातीत चित्रपटरूपाने पुरी झाली नाही. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर इतरांनी तिची जुळणी केली. हातात कॅमेरा असलेल्या व्यक्तीने शब्दांचा आश्रय घ्यावा, ही घटना अभ्यासकाने विसरू नये.

(७)

१९५७ ते १९८६ या दुव्हालिए पितापुत्रांच्या राजवटीत आणि त्यानंतरच्या अस्थिर काळात हैतीच्या छायाचित्रांचे केंद्र राजधानीकडे सरकले. १९८६ नंतरचे उठाव, मोडलेल्या निवडणुका, रस्त्यावरील हिंसा यांनी जागतिक वृत्तपत्रांची पाने व्यापली. डोंगर दिसला तो मुख्यतः उजाड उतारांच्या रूपाने किंवा वादळानंतर. याच सुमारास डोंगरी कुटुंबावर आलेला एक मोठा आघात मात्र चित्रांत फारसा उमटला नाही. आफ्रिकी डुक्करज्वराची साथ १९७८-७९ मध्ये बेटावर पोहोचल्यावर १९८१ ते १९८३ या काळात आंतरराष्ट्रीय मदतीने देशातील सर्व देशी काळी डुकरे मारण्यात आली. हे डुक्कर म्हणजे कुटुंबाची बचतपेढी होती. शाळेची फी, लग्न, अंत्यविधी यांसाठी ते विकले जाई. त्याऐवजी आणलेल्या परदेशी जातींना विकतचे खाद्य आणि पक्का निवारा लागे. डोंगरातील घरांना ते परवडण्याजोगे नव्हते.

येथे जुन्या छायाचित्रांचे एक अनपेक्षित मोल प्रकट होते. १९८० पूर्वीच्या अंगणाच्या चित्रात कडेला खुंटीला बांधलेले डुक्कर दिसते, तेव्हा ते काढणाऱ्याच्या मनात बहुधा नसते. आज तेच चित्रातील सर्वांत बोलका पुरावा ठरते. गवती छपराच्या जागी पत्रा, वाळल्या फळांच्या भांड्यांच्या जागी प्लॅस्टिकची बादली, अनवाणी पायांच्या जागी परदेशातून आलेले जुने बूट, हे फरकही असेच चित्रांच्या कडांवरून वाचता येतात. हेतूपूर्वक टिपलेल्या मध्यापेक्षा नकळत आलेली कड अधिक विश्वासार्ह ठरण्याचा हा प्रकार इतर ऐतिहासिक साधनांतही आढळतो.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर राजधानीतून लाखो लोक आपापल्या गावी, डोंगरांतील नातलगांकडे परतले. जगाच्या कॅमेऱ्यांनी ढिगारे पाहिले. पण या निर्वासितांना ज्या घरांनी आपल्या अपुऱ्या धान्यातून खाऊ घातले, त्यांची चित्रे थोडी. त्याच वर्षी ‘फोटोकोनबिट’ ही संस्था स्थापन झाली. हैतीच्या विविध भागांतील लोकांना कॅमेरे व शिक्षण देऊन त्यांनी स्वतःच्या परिसराची छायाचित्रे काढावीत, हा तिचा उद्देश. ज्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने १९२० मध्ये परक्या राजवटीचे कौतुक छापले होते, त्याच मासिकाच्या डिसेंबर २०१५ च्या अंकात हैतीवासीयांनी काढलेली ही छायाचित्रे प्रसिद्ध झाली. संस्थेच्या नावातील ‘कोनबिट’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. पूर्वी बाहेरच्यांनी ज्याचे चित्र काढावे असे ते एक दृश्य होते; आता तो चित्र काढण्याच्या पद्धतीचा निर्देश झाला.

(८)

आतून काढलेले चित्र खरे आणि बाहेरून काढलेले खोटे, असा सोपा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. स्वतःच्या माणसांचे चित्र काढणाराही निवड करतोच. कामाचे फाटके कपडे बदलून, मुलांचे केस विंचरून, रविवारच्या पोशाखात उभे राहण्याची इच्छा ही डोंगरातील कुटुंबाची स्वतःविषयीची धारणा आहे. ‘नैसर्गिक’ दृश्य हवे म्हणून तिला नकार देणारा अभ्यासक वास्तवाच्या अधिक जवळ जातो असे नव्हे. दोन्ही प्रकारची छायाचित्रे पुरावा आहेत; फक्त ती निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. हे चित्र कोणी, कोणाच्या परवानगीने, कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रश्नासाठी घेतले आणि त्याची प्रत कोठे गेली, या गोष्टी निश्चित झाल्यावरच घर, हत्यार, पोशाख आणि चेहरा यांचे वाचन सुरू करणे योग्य होय.

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत उपेक्षित राहिला आहे. बहुतेक छायाचित्रे डोंगर उतरून गेली ती परत आली नाहीत. व्हेर्जे यांच्या साठ हजारांहून अधिक निगेटिव्ह ब्राझीलमधील साल्व्हादोर येथे त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने जतन केल्या आहेत. इतर संग्रह अमेरिका व युरोप येथे आहेत. जतन झाले हे मोठेच कार्य. परंतु ग्रंथांत छापताना अनेकदा माणसाच्या नावाच्या जागी ‘बाजारास निघालेली स्त्री’ किंवा ‘कुदळ चालविणारा शेतकरी’ एवढीच ओळ येते, आणि व्यक्ती नाहीशी होऊन नमुना उरतो. ज्या समाजात ग्रामीण भागात जन्मलेल्याच्या जन्मदाखल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत ‘शेतकरी’ असा वेगळा शिक्का असे, तेथे हे निनावीपण निरुपद्रवी म्हणता येत नाही; शासनाने केलेले वर्गीकरण विद्येने नकळत पुढे चालविल्यासारखे ते होते.

ही उणीव भरून काढणे अद्याप काही अंशी शक्य आहे. १९४८ मध्ये मार्बियालच्या एखाद्या अंगणात आठ वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशीच्या आसपास असेल. चित्रे त्या खोऱ्यात नेऊन ही माणसे कोण, हे अंगण कोणाचे, त्या दिवशी येथे काय चालले होते, असे विचारले तर काही नावे, काही नाती आणि जमिनीच्या काही गेलेल्या सीमा परत मिळू शकतील. तसे झाले तर ही छायाचित्रे डोंगरी जीवनाविषयीची साधने न राहता त्या जीवनाच्या मालकीची साधने होतील. मात्र या कामाला आता फार थोडी वर्षे उरली आहेत.